नुकसान त्यांनी केले, कर्ज मात्र आमच्या नावावर!



तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला एका मोठ्या बागायतदाराचे शेत आहे असे समजा. त्याने आपल्या सोयीसाठी नाल्याचे तोंड फिरवले. पावसाळ्यात ते सगळे पाणी तुमच्या पऱ्हाटीत घुसले. माती वाहून गेली, उभे पीक आडवे झाले. तुम्ही पंचांकडे गेलात. पंच बसले. बागायतदाराने चारचौघांत कबूल केले, "होय, नाला मीच फिरवला. याला मदत करणे माझे कर्तव्य आहे." दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दारात आला, तो स्टँपपेपर घेऊन. "हे घे पन्नास हजार, बांध घालून घे. तू गरीब आहेस म्हणून व्याज जरा कमी लावतो. आणि गावात सांगायला विसरू नकोस, मी तुला मदत केली म्हणून."

अशा माणसाला गावात काय म्हणतात ते या पत्रकात छापता येत नाही. पण हाच व्यवहार जगाच्या चावडीवर गेली तीस वर्षे उजळ माथ्याने चालला आहे. तिथे त्याला सावकारी म्हणत नाहीत. 'हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य' असे भारदस्त नाव आहे त्याला.

हा विषय आपला कसा?

कापसाचा भाव, विजेचे बिल, पीकविम्याचे पैसे हे विषय टाकून मेळाव्यात ही परदेशातली भानगड कशाला, असे कुणी म्हणेल. उत्तर आपल्या वावरातच आहे.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ साल पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पण पूर्वी दुष्काळ दुष्काळासारखा यायचा आणि पाऊस पावसासारखा. आता एकाच हंगामात दोन्ही येतात. मृगात पेरणी होते, मग तीन-तीन आठवडे थेंब नाही, दुबार पेरणी. त्यातून वाचले तर बोंड फुटायच्या वेळी पाऊस असा कोसळतो की बोंडे झाडावरच सडतात. खरिपाची ज्वारी कणसात भरली की पाण्याने दाणा काळा पडतो. व्यापारी हातात घेऊन नाक मुरडतो आणि अर्धा भाव सांगतो. कडबाही भिजून जातो, म्हणजे माणसाबरोबर जनावरही उपाशी.

हे केवळ म्हाताऱ्यांचे गाऱ्हाणे नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांनी मोजून दाखवले. एखाद्या विशिष्ट पावसाकडे बोट दाखवून 'हा हवामानबदलाचाच' असे म्हणणे सोपे नसते, हे खरे. पण फासा वारंवार एकाच बाजूला पडू लागला, तर तो कुणीतरी घासला आहे हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही.

फासा घासला कुणी? कारखानदारी सुरू झाल्यापासून कोळसा आणि तेल जाळून जेवढा कार्बन वायू हवेत गेला, त्यातला सुमारे पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. जगातला दर सहावा माणूस भारतात राहतो, आणि भारताचा हिस्सा चार टक्क्यांच्या आसपास. त्यातही कोरडवाहू ज्वारी पेरणाऱ्याच्या वाट्याला किती येतो? त्याचा बैल डिझेल पीत नाही.

कबुलीजबाब १९९२ चा

ही तक्रार आपण आज उकरून काढलेली नाही. १९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात जगातले देश जमले आणि हवामानबदलाचा करार झाला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांनीही त्यावर सही केली. त्या कराराच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की ज्या विकसनशील देशांना बदलत्या हवामानाचा मोठा फटका बसतो, त्यांना जुळवून घेण्यासाठी जो खर्च येईल तो भागवायला श्रीमंत देश मदत करतील. 'जमल्यास करतील' असे नव्हे. करतील.

म्हणजे कबुलीजबाब कागदावर आहे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्या कबुलीतून अंग काढून कसे घ्यायचे याचा इतिहास आहे.

पहिली युक्ती पाहा. जुळवून घेण्यासाठी २००१ साली एक वेगळा निधी ठरला. पैसा कुठून यायचा? श्रीमंत देशांच्या तिजोरीतून नव्हे. गरीब देशांत प्रदूषण कमी करणारे प्रकल्प उभे राहतील, त्यांची प्रमाणपत्रे बाजारात विकली जातील आणि त्यातले दोन टक्के या निधीत जमा होतील, अशी योजना. म्हणजे आपल्याच घामावर दोन टक्के अडत बसवून आपलीच भरपाई! २०१२ च्या सुमारास त्या प्रमाणपत्रांचा बाजार कोसळला आणि निधीचा झरा आटला. तेव्हापासून तो निधी दात्यांच्या मर्जीवर दरवर्षी झोळी फिरवतो आहे.

शंभर अब्जांची कढी

दुसरी युक्ती मोठी. २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी जाहीर केले की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. २०२० साल आले. त्यांच्याच संघटनेचा, ओईसीडीचा, हिशेब ८३ अब्जांवर अडला. उद्दिष्ट गाठले ते २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा: ११५.९ अब्ज. टाळ्या झाल्या.

आता आपण शेतकरी. काटापट्टी हातात घेतल्याशिवाय बाजारातून उठत नाही. ही पावती नीट वाचू.

एक. त्या ११५.९ अब्जांपैकी जुळवून घेण्यासाठी, म्हणजे पाणी, बियाणे, बांध, पुरापासून बचाव यांसाठी गेले ३२.४ अब्ज. चारातला जेमतेम एक हिस्सा. बाकीचा बराचसा पैसा सौर आणि पवन वीज यांसारख्या कामांकडे गेला. कारण उघड आहे. विजेचा प्रकल्प वीज विकतो आणि हप्ता फेडतो. शेततळे हप्ता फेडत नाही. ते फक्त ऑगस्टच्या खंडात पऱ्हाटी जगवते. सावकाराला त्यात गोडी कसली?

दोन. सरकारी पैशातला ६९ टक्के हिस्सा कर्ज होता. अनुदान २८ टक्के. म्हणजे ज्याला जग 'मदत' म्हणते, त्यातले शंभरातले एकोणसत्तर रुपये परत करायचे आहेत. आणि हिशेबात कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून धरली जाते. ऑक्सफॅम या संस्थेने हे उलगडून पाहिले. सवलतीच्या व्याजामुळे खरोखर जेवढा फायदा होतो तेवढाच मदत धरला आणि हवामानाच्या नावाने फुगवलेले प्रकल्प वजा केले, तर ११५.९ अब्जांतून उरतात २८ ते ३५ अब्ज. काट्यात मारलेले माप म्हणतात ते हेच.

तीन. गरज किती? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२५ चा अहवाल सांगतो की विकसनशील देशांना जुळवून घेण्यासाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील. २०२३ मध्ये श्रीमंत देशांच्या सरकारी तिजोऱ्यांतून आणि बँकांमधून पोचले २६ अब्ज. बारा-चौदा पोत्यांच्या ठिकाणी एक पोते, आणि तेही बहुतांशी उसने.

२०२४ च्या नोव्हेंबरात अझरबैजानच्या बाकू शहरात नवा आकडा ठरला. विकसनशील देशांची मागणी होती वर्षाला १,३०० अब्जांची. पदरात पडले २०३५ पर्यंत ३०० अब्ज, तेही सरकारी, खासगी, कर्ज, इतर, सगळे गोळा करून. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत सांगितले की हा कागद म्हणजे केवळ दृष्टिभ्रम आहे. खरे बोलल्या. २०२५ मध्ये ब्राझीलमधल्याच बेलेमला पुन्हा ठराव झाला, जुळवून घेण्याचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करण्यासाठी प्रयत्न व्हावेत असा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. फक्त जेवायची तारीख दहा वर्षे पुढे.

पोकराचे पैसे कोणाचे?

हे सगळे दूरचे वाटत असेल तर गावात या. विदर्भ, मराठवाडा आणि जळगावातल्या शेतकऱ्याला 'पोकरा' हा शब्द पाठ आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. शेततळे, ठिबक, शेडनेट, बांधबंदिस्ती. पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे. या प्रकल्पाचे इंग्रजी नाव आहे हवामानाला तोंड देणारी शेती. म्हणजे आपण ज्याविषयी बोलतो आहोत, तेच हे.

एका तालुक्याच्या बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "हे पैसे देतो कोण?" कुणी म्हणाले सरकार, कुणी म्हणाले जागतिक बँक. म्हातारा म्हणाला, "देते की उसने देते?" सगळे गप्प.

उत्तर असे आहे. २०१८ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग या कर्जातून, उरलेला राज्य सरकारचा. योजना वाईट असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या शेततळ्यात पाणी साठले त्याचे पीक वाचले असेल, त्यात आनंदच आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. नाला फिरवला दुसऱ्याने, बांध घालायला उसने पैसे दिले त्यांचेच सर्वांत जास्त वजन असलेल्या बँकेने, आणि मुद्दल व्याजासह फेडायचे कुणी? तुम्ही-आम्ही. आगपेटीपासून खतापर्यंत प्रत्येक खरेदीवर जो कर भरतो, त्यातून.

निखळ अनुदान येतच नाही असे नाही. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर अनुदान म्हणून मंजूर केले. म्हणजे द्यायचे ठरवले तर देता येते. पण रकमा ताडून पाहा. तीन राज्यांच्या किनाऱ्याला अनुदान सव्वाचार कोटींच्या आसपास, आणि एका राज्याच्या कोरडवाहू शेतीला कर्ज ४२ कोटी. यातच सगळे आले.

'भरपाई' हा शब्दच खोडून टाकला

जुळवून घ्यायलाही एक मर्यादा असते. शेततळे खंड पडल्यावर कामाला येते. मातीच वाहून गेली तर शेततळे काय करील? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात हेच झाले. जमिनी खरडून गेल्या, विहिरी गाळाने भरल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ते किती पुरले, किती पोचले, हा वेगळ्या लेखाचा विषय.

अशाच नुकसानीसाठी जगाच्या पातळीवर २०२२ मध्ये इजिप्तच्या परिषदेत 'हानी आणि नुकसान निधी' मान्य झाला. २०२३ मध्ये दुबईत त्यावर शिक्का बसला. त्यात सगळ्या जगाने मिळून देऊ केलेली रक्कम आहे ७५ ते ८० कोटी डॉलरच्या घरात. रुपयांत सात हजार कोटींच्या आसपास. साऱ्या जगाच्या नुकसानीसाठी साऱ्या श्रीमंतांनी कबूल केलेली रक्कम एका महाराष्ट्राच्या एका हंगामाच्या पॅकेजचा चौथा हिस्सासुद्धा नाही! अमेरिकेने त्यात कबूल केले होते १ कोटी ७५ लाख डॉलर, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ती या निधीच्या संचालक मंडळावरूनच उठून गेली.

असे का होते? कारण २०१५ च्या पॅरिस परिषदेत एक चलाखी झाली. करारात हानी आणि नुकसानीचे कलम घातले, आणि सोबतच्या ठरावात ५१ व्या परिच्छेदात लिहून ठेवले की या कलमावरून कुणावर दायित्व येत नाही, कुणाला भरपाई मागता येत नाही. पंचनामा करायचा, पण खाली लिहायचे की याच्या आधारे काही मागू नये. तेव्हापासून भाषा 'सहकार्या'ची, 'योगदाना'ची, 'भागीदारी'ची. भरपाई म्हटले की देणेकरी ओळखला जातो. सहकार्य म्हटले की तोच देणेकरी दाता होतो आणि हारतुरे घेतो.

कापसाच्या खटल्याचा धडा

श्रीमंत देश कुणापुढे झुकत नाहीत, मग ओरडून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांना कापसाचीच गोष्ट सांगतो.

अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड सबसिडी देत होते. त्यामुळे जगाच्या बाजारात रुईचा भाव पडत होता. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला गुदरला. गयावया केली नाही. सबसिडी किती, भाव किती पडला, आमचे नुकसान किती, याचे आकडे मांडले. २००४-०५ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. अमेरिका टाळाटाळ करीत राहिली, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर बदल्याची जकात बसवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर अमेरिका जागेवर आली. २०१० मध्ये तिने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

त्याच सबसिडीने आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांतला कापूसवालाही मारला जात होता. त्यांनी २००३ मध्ये सबसिडी बंद करा, तोवर भरपाई द्या, अशी मागणी केली. पण स्वतःचा खटला नव्हता, हातात दंडुका नव्हता. त्यांच्या पदरी पडली आश्वासने आणि विकासाच्या योजना. नुकसान तेच, पीक तेच. फरक दाव्याचा, पुराव्याचा आणि ताकदीचा.

हवामानाच्या बाबतीत आता दाव्याची वाट थोडी उघडली आहे. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या चिमुकल्या बेटांच्या देशाने पुढाकार घेतला आणि प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे हे देशांवर कायद्याने बंधन आहे, ते मोडल्यास नुकसानीची भरपाई देण्याची पाळी येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, त्यावर उद्याच वसुली होणार नाही. नुकसान आणि कारण यांचा सांधा पुराव्याने जुळवावा लागेल. पण पॅरिसमध्ये खोडलेला शब्द न्यायालयाने पुन्हा लिहिला, हे लहान नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: "भारतही आता वर्षाला धूर सोडण्यात जगात तिसरा आहे, तुम्ही कोणत्या तोंडाने मागता?" देश मोठा म्हणून बेरीज मोठी. माणशी पाहा: अमेरिकेचा माणूस वर्षाला सुमारे चौदा टन, भारताचा दोन टन. आणि त्या दोन टनांतही मुंबई-दिल्लीच्या वातानुकूलित मजल्यांचा हिस्सा वेगळा काढा. त्यांचा हिशेबही आम्हाला मांडायचा आहे; तो मांडला म्हणून बागायतदाराचा गुन्हा माफ होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा: "पैसे आले तरी मधेच जिरतील. आपल्यापर्यंत काय येणार?" हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच घरचा हिशेबही मागायचा आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये जगाला कळवले की २०२१-२२ मध्ये देशाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.६ टक्के खर्च हवामानाशी जुळवून घेण्यासाठी केला. मोठा आकडा आहे. मग त्यातले किती कोरडवाहू शेतात आले? कोणती खाती, कोणत्या योजना त्यात धरल्या? श्रीमंत देश जुन्याच मदतीला नवे नाव देऊन आकडा फुगवतात, ही आपली तक्रार. तेच आपल्या सरकारने करू नये. बाकूत जी जीभ चालली ती गावच्या चावडीवरही चालली पाहिजे.

मेळाव्यापुढे ठराव

म्हणून जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडावेत:

१) जुळवून घेण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय पैसा अनुदान म्हणूनच यावा. कर्जाची रक्कम मदतीच्या हिशेबात धरण्यास भारत सरकारने प्रत्येक परिषदेत विरोध करावा.

२) हवामानाच्या नावाने परदेशातून आलेली प्रत्येक रक्कम, कर्ज किती, अनुदान किती, व्याज किती, कोणत्या गावात कोणते काम झाले, हे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे.

३) अशा योजनेतली कामे ग्रामसभेने ठरवावीत. कोरडवाहू शेतकऱ्याला पहिली गरज खंडाच्या काळात एक-दोन संरक्षित पाण्याची आहे. ती बाजूला सारून कुणाच्या सोयीची यंत्रे गावात येऊ नयेत.

४) आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मताच्या आधारे भारत सरकारने इतर विकसनशील देशांना बरोबर घेऊन भरपाईचा दावा उभा करावा.

आणि पाचवे काम कुणाकडे मागायचे नाही, आपणच करायचे. एक शंभर पानी वही घ्या. पाऊस कधी आला, किती पडला, खंड किती दिवसांचा, पेरणी कधी, दुबार पेरणी झाली का, एकरी कापूस किती, ज्वारी किती, पंचनामा कधी झाला, पैसे किती मिळाले, हे तारखेनिशी लिहा. ज्यांना जमत नाही त्यांच्या शाळकरी पोरींना लिहायला बसवा. ब्राझील जिंकला तो आकड्यांच्या जोरावर आणि ते मांडण्याच्या हिमतीवर. उद्या पंच बसतील तेव्हा बागायतदाराचा वकील विचारील, "तुमचे नुकसान झाले याला पुरावा काय?" त्या दिवशी आपल्या हातात रिकामी टोपी नको, वही हवी.

आपण कुणाच्या दारात भीक मागायला उभे नाही. आपले येणे आहे, ते मागायला उभे आहोत. आणि येणेकऱ्याने देणेकऱ्याच्या स्टँपपेपरवर अंगठा उठवायचा नसतो.